छकुलीचा हिरवा चौकोन

१

प्रियदर्शनी इंदापूरला धाकट्या बहिणीचं काढीव मुहूर्तावरचं लग्न उरकून सकाळी सांगवीत उतरली, घरात न जाता आधी गोठ्यात गेली, आन् तितनंच तिनं मला फोन लावला.

"भानूतात्या, तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलतो."

मी बारामतीत दुकानाचं शटर नुकतं अर्धं वर केलेलं. म्हणलं, "खोटं बोलायला ते काय माणूस हाय व्हय?"

"छकुली व्यायली. आन् तुमच्या टीव्हीवर छकुली अजून हिरवीच हाय."

मी शटर परत खाली ओढलं आन् गाडीला किक मारली.

माझं दुकान झेरॉक्सचं, धंदा कॉम्प्युटरचा आन् हौस लोकांच्या खोड्या काढायची. प्रियदर्शनीच्या गोठ्यातला टीव्ही हे माझंच काम. चौदा गायी, चौदा रांगा. गाय भरवल्याची तारीख टाकली की गाय कधी विणार ते कॉम्प्युटर काढतो आन् त्या चौकोनाला आपोआप रंग देतो. महिन्याच्या वर अवकाश असला तर हिरवा, महिन्याच्या आत आलं की पिवळा, शेवटच्या आठवड्यात तांबडा. तांबडं दिसलं की गोठ्यात बाज टाकून झोपायचं.

आन् छकुली ही काय साधी गाय न्हवती. प्रियदर्शनीच्या सासूनं, तुळसाबाईनं, पहिली गाय बांधली, तिची लेक, त्या लेकीची लेक छकुली. यंदा कालवडच व्हावी म्हणून निवडून रेतन केलेलं. "ही कालवड इकायची न्हाय, हिच्यापासनं माझा गोठा उभा राहणार," हे प्रियदर्शनी गाय भरवल्यापासनं सांगत हुती.

मी पोचलो तर ती छकुलीच्या म्होरं खाली बसलेली. गव्हाणीपाशी एक मरतुकडं वासरू उभं. खोंड.

"कालवड व्हायची हुती, झाला खोंड," तुळसाबाई म्हणाल्या. "नशीब म्हणायचं, दुसरं काय."

मी वाकून वासराचं पोट चाचपलं. काल रातच्या वासराची नाळ ओली असती. ह्याची वाळून खारकंसारखी झालेली. पाय उचलून खूर बघितले. ताज्या वासराचे खूर खालनं सायीसारखे मऊ असत्यात. ह्याचे कडक.

"आत्याबाई," मी म्हणलं, "नशिबाला बोल लावू नका. ह्यो खोंड ह्या गायीचा न्हाय. ह्यो काल जन्मलेलाच न्हाय."

२

प्रियदर्शनी एकदम उठली. "मंग माझी कालवड कुठाय?"

तेच तर. छकुली दावणीला हुती, वासरू गव्हाणीला हुतं, कुलूप फुटलेलं न्हवतं. तुळसाबाई म्हणाल्या, "पोलिसात चला."

"काय सांगू तितं?" प्रियदर्शनी म्हणाली. "गाय हाय, वासरू हाय, पण ते माझं न्हाय? चहा पाजून परत लावून देतील. तवर कालवड सोलापूरच्या पार जाईल. एकदा चार हात फिरली की वळखणार कोण?" मंग ती हळू आवाजात म्हणाली, "तात्या, चूक माझी हाय. निघताना मला तिची कास भरल्यावाणी दिसली हुती. पण टीव्हीवर हिरवं. डोळ्यानं बघितलेलं सोडलं आन् रंगावर इसवास ठेवला."

हे मला लागलं. रंग माझा हुता.

मी मोबाईल काढला. बेंदराला मी हितं आलेलो. कुंडलिकनं, म्हंजे गोठ्यावरच्या गड्यानं, हौसेनं गायींना झुली घातलेल्या, अंगावर रंगाचे ठसे उठवलेले. मी समद्यांचा फोटो काढून स्टेटसला ठेवलेला. तो उघडला, बोटानं मोठा केला. गायींच्या मागं भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर छकुलीची रांग.

पिवळी.

"बेंदराला पिवळी, आन् आज हिरवी," मी म्हणलं. "प्रियदर्शनी, हिरव्याचं पिवळं हुतं, पिवळ्याचं तांबडं. आंबा पिकल्यागत. पिकल्याला परत कैरी करता येत न्हाय. मागं जातो तो फक्त भिगवण चौकातला सिग्नल."

"म्हंजे?"

"म्हंजे कॉम्प्युटर खोटं बोलला न्हाय. त्याला कुणीतरी खोटं सांगितलं. तू लगीनघरी पळत हुतीस तवा कुणीतरी छकुलीची भरवल्याची तारीख म्हागनं म्होरं ढकलली. तुला निवांत इंदापूरला घालवायला."

कॉम्प्युटरची खोली तर धर्मशाळाच. दार कधी लावलेलं मी बघितलं न्हाय. तरी हितं रोज येणारी बाहेरची माणसं मोजून तीन. त्यातला एक मागं घमेलं घेऊन उभा हुता, आन् त्याच्या हातातनं घमेलं निसटलं.

३

"कुंडल्या," मी म्हणलं, "रातीला कुठं हुतास?"

"हितंच की, तात्या. हितंच बाजंवर. डोळा लागला जरा."

"बरं. आन् कपाळाला शेंदूर कशानं लागला? बाजंवर?"

कुंडलिकनं कपाळ पुसलं, मंग डोळं पुसलं. "वैनी, मला काढू नका. पोराचा नवस हुता. श्रावणातली चतुर्थी, मोरगावला गेल्तो. तुमी न्हाय म्हणाल म्हणून बोललो न्हाय. टीव्हीवर एकबी तांबडी न्हवती. म्हणलं हिरवं हाय, काय व्हतंय एका रातीत? सांजच्या धारा काढून गेलो, पहाटं आलो. आलो तर गाय व्यालेली."

"आन् व्याल्यावर पडती ती वार?" प्रियदर्शनीनं इचारलं.

"ती बी पुरून टाकलेली, वैनी. मी म्हणलं तुळसामावशीनं पुरली."

"मी कशाला पुरू?" तुळसाबाई म्हणाल्या. "मला तर कालपासनं गुडघा वर उचलंना."

"गेलास कसा मोरगावला?" मी इचारलं.

"एश्टीनं. स्टँडपतुर सूरज डॉक्टरनी फटफटीवर सोडलं."

तेवढ्यात फटफटी वाजली. सूरज. गायींचं रेतन करतो, औषधपाणी बघतो, त्यामुळं आख्खी सांगवी त्याला डॉक्टर म्हणती. गुळगुळीत दाढी, खांद्याला पेटी, जिभेवर साखर. खोंडाच्या पाठीवरनं हात फिरवून तो म्हणाला, "वैनी, वाईट वाटून घेऊ नका. अधुरं वासरू हाय. महिनाभर आधी आलं, म्हणून असं अशक्त. आन् कालवडच व्हईल अशी लेखी कोण देतं? शंभरात दहा खोंड व्हतात. तुमचा नंबर लागला."

"डॉक्टर," मी म्हणलं, "अधुऱ्या वासराचे खूर एवढे कडक?"

"तात्या, तुमी झेरॉक्स बघा, मी जनावरं बघतो."

समदे हसले. मी बी हसलो. हसायला पैसे पडत न्हायत.

"छकुली भरवल्याची तारीख तुमाला ध्यानात आसंल की."

"वर्षाला एवढ्या गायी भरवतो, तारखा कोण डोक्यात ठेवतो? वैनी कॉम्प्युटरमधी टाकतात." मंग त्यानं आवाज बारीक केला. "एक सांगू? माझं नाव घेऊ नका. त्या सर्जेरावांची गाय चार दिसामागं व्यायली. काय झालं इचारा जरा."

४

सर्जेराव म्हंजे शेजारचे बागायतदार. मोठा गोठा, मोठी मिशी, त्याहून मोठा आवाज. छकुलीचं वासरू पोटात असतानाच त्यांनी प्रियदर्शनीकडं दोनदा मागितलं हुतं. तिनं दोनदा न्हाय म्हणलं. तवापासनं टीव्हीचं नाव काढलं की म्हणायचे, "गायी काय सिनेमा बघून वितात व्हय?" पण रोज सांजच्याला चहाला येऊन बसायचे तितंच.

"आबा," मी त्यांच्या ओसरीवर टेकलो. "गाय व्यायली म्हणं तुमची."

"व्यायली. मंग?"

"काय झालं?"

"खोंड."

"वा. कुठाय, बघू तरी."

मिशी थरथरली. "न्हाय हितं."

"मेला?"

"मरंल कशाला! दिला."

"कुणाला?"

"भान्या, तू काय फौजदार हायस? दिला म्हणलं ना! उठ, चहा पिलास, निघ आता."

"चहा अजून दिलाच न्हाय, आबा."

"मंग तसाच निघ!"

त्यांच्या गोठ्यात खोंड न्हाय. प्रियदर्शनीच्या गोठ्यात चार दिसाचा खोंड. कालवडीवर डोळा ती पोटात असल्यापासनं. परत येऊन तुळसाबाईंना सांगितलं तर त्या काठीच शोधायला लागल्या.

"थांबा, आत्याबाई. एवढं सोपं असतं तर आबांनी मला खोटंच सांगितलं असतं. ते नुसते चिडले. चिडतो त्याला लाज वाटत असती. चोर कधी चिडत न्हाय, चोर गोड बोलतो."

मी कॉम्प्युटरपुढं बसलो. गाय काय बोलंना, माणसं खरं सांगंनात. म्हणलं आता रंगालाच इचारू.

५

मी काय केलं, तर रंगाचा नियमच पुसला. तारीख बघून चौकोन रंगवायचा जो हुकूम मी कॉम्प्युटरला दिलेला, तो काढून टाकला. हुकूम गेला की रंग जायला पाहिजेत. गेले. चौदाच्या चौदा रांगा पांढऱ्याफटक झाल्या.

न्हाय. तेरा झाल्या.

छकुलीचा चौकोन हिरवाच राहिला.

"अगंबाई," प्रियदर्शनी माझ्या खांद्यावरनं वाकली. "ह्यो कसा राहिला?"

"नीट बघ. माझा हिरवा शेवाळी हाय. ह्यो पोपटी." मला आतनं गुदगुल्या व्हायला लागल्या. "हा कुणीतरी हातानं फासलेला रंग हाय. रंगाच्या डब्याचं चित्र असतं ना वर, ते दाबून. पण नियमाचा रंग नेहमी वर बसतो, हातानं लावलेला खाली दबतो. बनियनीवर शर्ट घातल्यावाणी. त्यानं पोपटी फासला तरी टीव्हीवर पिवळंच दिसत राहिलं. परत फासला, परत पिवळं. घाम फुटला असंल गड्याला. मंग डोकं चाललं, म्हणला तारीख बदलून बघू. बदलली, आन् चौकोन झाला हिरवा."

"पण कुणी?"

"ते कळंल. आधी मला सांग, रंग तारखंवरनं येतो हे गावात कुणाला म्हायती हाय?"

ती हसली. सकाळपासनं पहिल्यांदा. "कुणाला असणार? तुमीच समद्यांना सांगितलंय, कॉम्प्युटरला गायीचा वास येतो म्हणून."

खरं हाय. टीव्ही बसवला तवा सर्जेरावांनी इचारलं, "ह्याला कसं कळतं गाय कधी विणार?" मी कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीवर बोट ठेवून गंभीर तोंडानं म्हणलं, "हितनं वास घेतो." कुंडलिक तर रोज सकाळी गोठ्यात धूप फिरवायचा, पण त्या जाळीपुढं न्हाय, वास बिघडंल म्हणून. मी काय कुणाचा भ्रम दूर केला न्हाय. असली मजा रोज थोडीच मिळती.

"म्हंजे ही इद्या सांगवीत तिघांनाच म्हायती," मी म्हणलं. "मला, तुला, आन् ज्यानं चोरी केली त्याला. बाकीचे अजून वासावरच हायत. प्रियदर्शनी, सांजच्या धारंला समद्यांना चहाला बोलाव. आज फुल्ल दुधाचा कर."

६

सांजच्याला समदे जमले. सर्जेराव मिशीला पीळ देत, कुंडलिक खाली मान घालून, सूरज छकुलीला कॅल्शियमची बाटली लावायला म्हणून आलेला. टीव्हीवर मी नवीन पान उघडून ठेवलेलं. चार रांगा: सर्जेराव, कुंडलिक, सूरज, भानुदास. नावापुढं एकेक तारीख, चारी नावं हिरवी.

"मंडळी," मी म्हणलं, "छकुलीची कालवड चोरीला गेली हाय. कॉम्प्युटरला गायीचा वास कळतो हे तुमाला म्हायतीच हाय. आता मी त्याला माणसाचा वास शिकवलाय. आज रातभर त्यो वास ताडून बघंल. उद्या सकाळी धारंच्या टायमाला ज्यानं कालवड नेली त्याचं नाव तांबडं व्हणार."

"आन् तुझं कशाला रं लिवलंय?" सर्जेराव म्हणाले.

"कुणी म्हणायला नको, भान्यानं सवताला वगळलं."

"कायबी बोलतोय येडपट!" असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या जाळीकडं पाठ केली. नंतर बघितलं तर धोतराचा सोगा नाकाला लावलेला. आपला वास आत जाऊ नये म्हणून नाक झाकायचं, हे फक्त आबांनाच सुचू शकतं.

कुंडलिकनं जाळीला हात जोडले. सूरज नुसता हसला. "तात्या, तुमी कधी सुधारणार न्हाय."

मी न् प्रियदर्शनी मुद्दाम वैरण बघायला पार मागच्या कुडाला गेलो. खोली उघडी, टीव्ही चालू, कॉम्प्युटर चालू. कोण आत गेलं, कोण न्हाय, मी वळूनसुदीक बघितलं न्हाय.

"चारी नावांपुढं काय टाकलंय तुमी?" तिनं इचारलं.

"उद्याची तारीख. ती उजाडली की चौकोन तांबडा."

"चारीबी? मंग चोर कसा कळणार?"

"वैरण टाक," मी म्हणलं.

७

सकाळी चरव्या वाजायच्या आत समदे हजर. रातभर कुणी झोपलेलं दिसत न्हवतं, सूरज सोडून. तो इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. मी टीव्ही लावला.

सर्जेराव तांबडे. कुंडलिक तांबडा. भानुदास तांबडा. आन् एक नाव हिरवंगार.

कुंडलिक मटकन खाली बसला. "आईच्यान, वैनी, मी न्हाय! त्याला मोरगावच्या शेंदराचा वास आला आसंल!"

सर्जेरावांनी काठी उगारली. "भान्या! मला तांबडा करतोस? तू बी तांबडाच हायस की!"

सूरज म्होरं झाला, आवाजात साखर घोळवत म्हणाला, "वैनी, मी कुणावर बोट दाखवत न्हाय. पण आता समोरच दिसतंय. आबांकडं खोंड हुता, कुंडल्याकडं गोठा, तात्याकडं कॉम्प्युटर. तिघांनी मिळून तर केलं न्हाय?"

"बरोबर, डॉक्टर," मी म्हणलं. "हिरवे तुमी एकटेच. आता तेवढंच सांगा, तुमी हिरवे कसे?"

"म्हंजे?"

"कॉम्प्युटरला वास येत न्हाय. गायीचा न्हाय, माणसाचाबी न्हाय. मी चौघांपुढं उद्याची तारीख टाकलेली. आज सकाळी चौघं तांबडे व्हायचेच हुते. ज्याला वाटतं यंत्र वास घेतं, त्यो नाक झाकंल न्हाय तर हात जोडंल. तारखंला हात कोण लावंल? ज्याला म्हायती हाय की तारीख ढकलली की रंग फिरतो. ज्यानं छकुलीच्या चौकोनावर आधी पोपटी फासून बघितला, जमलं न्हाय, मंग तारीख म्होरं ढकलली." मी त्याच्या रांगंवर टिचकी मारली. "तुमच्या नावापुढं म्होरल्या वर्षीची तारीख हाय, डॉक्टर. मी टाकली न्हाय. कुणी टाकली?"

सूरजनं खांद्यावरची पेटी वर ओढली.

"माझ्यावर आळ घ्यायला दुसऱ्या कुणीबी टाकली आसंल," सूरज म्हणाला, पण आवाजातली साखर इरघळली हुती.

"आळ घ्यायचा तर तुमचं नाव तांबडं कराय नको का? हिरवं करून कुणी आळ घेतं?"

तवाच सर्जेराव गरजले. "अरं, पण माझा खोंड तर तूच नेलास की!"

समद्यांनी तिकडं बघितलं. आबांची मिशी पडली. "म्या भर ग्रामसभंत भाषण ठोकलं हुतं, खोंड झाला म्हणून टाकू नका, सांभाळा. टाळ्या पडल्या. आन् माझ्याच दारात खोंड झाला, तर ह्यो म्हणाला, आबा, गुपचूप द्या, मी चांगल्या जागी सोडतो. कुणाला सांगू नका. म्हणून भान्या, तुला सांगितलं न्हाय."

"आन् सांजच्याला छकुलीची कास चाचपून मला म्हणाले," कुंडलिक हळूच उठला, "बिनघोर जा मोरगावला, हिरवं हाय सगळं."

प्रियदर्शनी सूरजच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ती वरडली न्हाय. "तीन पिढ्या तुमी माझ्या गायी बघितल्या, सूरजभाऊ. का?"

सूरजनं पेटी खाली ठेवली. "तीन पिढ्या म्हंजे माझ्याच की, वैनी. आजी भरवली मी, आई भरवली मी. लोक म्हणणार प्रियदर्शनीचा गोठा. माझं नाव कुठाय? मला वाटलं, एक तरी माझ्या दारात असावी."

"मागितली असती तर ह्या कालवडीच्या पोटची पहिली दिली असती," ती म्हणाली. "आता सांगा, कुठाय ती?"

८

पळसदेवला, सूरजच्या सासुरवाडीला. उजनीच्या पाण्याला लागून घर, दारात जाळी वाळत घातलेली, आन् शेळ्यांच्या खोपटात, गोणपाटावर, ती. काळीपांढरी, लांब पायाची, बाटलीनं दूध पिणारी. सूरजचा सासरा भला माणूस. म्हणाला, "जावयानं इकत घेतली म्हणून सांगितलं. मी म्हणलं इकत घेतलेल्या वासराला पहिल्याच राती आईपासनं कशापायी तोडलं?" त्यानं जावयाकडं असं बघितलं, की पोलिसांनी त्यापुढं काय वेगळं केलं असतं मला सांगता येत न्हाय. पोलिसात जायचं का, ते प्रियदर्शनीवर सोडलं. तिनं एवढंच ठरवलं की पेटी घेऊन सूरजनं सांगवीत परत पाऊल ठेवायचं न्हाय, आन् का ते गावाला त्यानंच सांगायचं.

कालवड आणायला सर्जेरावांनी सवताची पिकअप काढलेली. "माझ्या खोंडामुळं झालं," असं म्हणत ते सवताच चालवत हुते, आन् बारामतीतनं जाताना प्रत्येक ओळखीच्या माणसापुढं हॉर्न मारत हुते. खोंडबी त्यांनी परत न्यायचं कबूल केलं. भाषण पाळायची पाळी आली एकदाची.

सांगवीच्या वळणावर पिकअप आली तशी छकुली हंबरली. चार वावरं पलीकडनं. दोन दिस पान्हा चोरून बसलेली गाय, दावं ताणून उभी. मागनं कालवडीनं उत्तर दिलं, बारीक, चिरक्या आवाजात. प्रियदर्शनीनं गाडी थांबायचीसुदीक वाट बघितली न्हाय. कालवड कवेत उचलली आन् पळत सुटली, पाय लोंबत, कान फडफडत.

खाली ठेवली तशी छकुलीनं तिला डोक्यापासनं शेपटीपतुर चाटून काढलं, पळसदेवचा सगळा वास पुसून टाकला. कालवडीनं दोन ढुशा दिल्या, सड धरला, आन् चुळूचुळू आवाज सुरू झाला. कुंडलिक चरवी घेऊन आला तर तुळसाबाई खेकसल्या, "ठेव ती बाजूला! आज समदं तिचं!"

ती पीत राहिली. सर्जेराव, कुंडलिक, तुळसाबाई, मी, समदे हाताची घडी घालून गोल उभे, छाती फुगवून, एकमेकांकडं बघत, जसं काय आमीच व्यालोय.